मशालीत जळून जाणाऱ्या वायूपासून द्रव इंधन: मोजणीपासून टाकीपर्यंत

तेलविहिरीतून कच्च्या तेलाबरोबर वायूही वर येतो. तेल टँकरमध्ये भरता येते, वायू भरता येत नाही. जवळ पाइपलाइन नसली, दाब कमी असला किंवा विहीर दूर कुठे समुद्रात वा वाळवंटात असली की तो वायू उंच नळीच्या टोकाला नेऊन पेटवून दिला जातो. या जळत्या नळीलाच मशाल (फ्लेअर) म्हणतात. उपग्रहांच्या निरीक्षणांवरून जागतिक बँक दरवर्षी याचा हिशेब मांडते. २०२३ साली जगभरात असा सुमारे १४८ अब्ज घनमीटर वायू जळाला. २०३० पर्यंत नेहमीचे, रोजचे ज्वलन पूर्ण थांबवायचे, असा जागतिक पुढाकार २०१५ मध्ये सुरू झाला. आकडे मात्र अजून खाली यायला तयार नाहीत.

ज्वाला दिसते म्हणजे या वायूचा मुख्य घटक असलेला मिथेन सगळा जळला, असेही नाही. अमेरिकेतल्या तीन मोठ्या तेलक्षेत्रांवर विमानातून मोजमापे घेतली गेली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मिथेनचा नाश साधारण ९१ टक्केच होत असल्याचे आढळले, आणि हिशेबात धरला जात होता ९८ टक्के. वाऱ्याने विझलेल्या मशालींतून तर मिथेन तसाच हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता अडवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट धरली जाते. त्यामुळे हा वायू वाचवण्याची धडपड मला मनापासून महत्त्वाची वाटते.

त्याचे द्रव इंधन करण्याची रसायनक्रिया शंभर वर्षे जुनी आहे. फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२० च्या दशकात जर्मनीत ती उभी केली. तरीही बहुतेक लहान प्रकल्प रखडतात. वायूचे मोजमाप, त्याची सफाई आणि प्रकल्पाचा आकार या तीन ठिकाणी घाई झालेली असते. म्हणून हा लेख कामाच्या खऱ्या क्रमाने लिहिला आहे. क्षेत्रावरचे अभियंते, प्रकल्पाची आखणी करणारे आणि गुंतवणुकीचा विचार करणारे यांच्यासाठी तो आहे. उच्च दाब, विषारी वायू आणि हजार अंशांपर्यंतचे तापमान यात येते, तेव्हा घरगुती प्रयोग म्हणून यातले काहीही करून पाहू नये.

आधी मोजा, आणि बरेच दिवस मोजा

मशालीकडे जाणारा प्रवाह कधीच स्थिर नसतो. सेपरेटरचा, म्हणजे तेल आणि वायू वेगळे करणाऱ्या भांड्याचा, दाब बदलला, एखादी विहीर बंद झाली, रात्री थंडी पडली, की आकडा बदलतो. एका दिवसाच्या मोजणीवर प्रकल्प उभारणे म्हणजे संकटाला निमंत्रण. मशालीच्या नळीत अल्ट्रासॉनिक प्रवाहमापक बसवा. तो कमी दाबात चालतो, प्रवाहाला अडथळा करत नाही आणि फार कमी-जास्त वेगही टिपतो. काही महिन्यांची सलग नोंद हाती आली की एक तक्ता करा: किती टक्के वेळ प्रवाह कोणत्या पातळीच्या वर होता? ९० टक्के वेळ जो प्रवाह नक्की मिळतो, तो तुमचा पाया. सरासरी फसवते आणि शिखर त्याहून जास्त फसवते.

दुसरे मोजमाप घटकांचे. नमुना सिलिंडरमध्ये घेताना नळीचा दाब आणि तापमान टिकवले नाही तर जड घटक भांड्याच्या भिंतीवर द्रव होऊन बसतात आणि अहवालात वायू प्रत्यक्षापेक्षा हलका दिसतो. ही चूक फार सर्रास होते. नमुना गरम ठेवा, वेगवेगळ्या दिवशी घ्या आणि प्रयोगशाळेला गॅस क्रोमॅटोग्राफीत (वायूतले घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीत) हेक्सेनच्या पुढचे घटकही वेगळे मोजायला सांगा. हायड्रोजन सल्फाइड मात्र जागेवरच मोजा, कारण तो भांड्याच्या धातूला चिकटतो आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कमी झालेला दिसतो. पारा, क्लोराइड, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांचीही नोंद हवी.

पुढच्या सगळ्या हिशेबांसाठी एक माप धरू: दिवसाला १० लाख घनफूट, म्हणजे सुमारे २८,३०० घनमीटर. हा सगळा मिथेन असेल तर त्याचे वजन १९ टनांच्या आसपास भरते आणि त्यातली उष्णता सतत जळणाऱ्या सुमारे ११ ते १२ मेगावॉट औष्णिक शक्तीइतकी होते. मोठ्या कंपनीच्या नजरेत ही लहान मशाल, पण जगात अशाच मशाली संख्येने जास्त आहेत.

सर्वांत सोपे द्रव आधी काढून घ्या

तेलासोबत येणारा वायू बहुधा निव्वळ मिथेन नसतो. त्यात इथेन, प्रोपेन, ब्युटेन आणि पेंटेनच्या पुढचे जड घटक असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांना, ब्युटेन शून्याच्या जरा खाली आणि पेंटेन ३६ अंशांना उकळतो. म्हणजे वायू दाबून थंड केला की यातले बरेच काही कोणत्याही रसायनक्रियेशिवाय द्रव होते.

आपल्या मापात १० टक्के प्रोपेन असेल तर रोज ५ टनांहून अधिक प्रोपेन आगीत जातो, द्रवरूपात तो १०,००० लिटरच्या पुढे भरतो. कॉम्प्रेसर, पाणी काढणारी यंत्रणा आणि उणे ३० अंशांच्या आसपास नेणारे प्रोपेन-रेफ्रिजरेशन एवढ्या साहित्यात त्यातला मोठा हिस्सा परत मिळतो, जड घटक तर जवळजवळ सगळे. दाब भरपूर असेल तर तो एकदम उतरवून वायू थंड करणाऱ्या जूल-थॉमसन झडपेवरही काम भागते. ही यंत्रे तयार सांगाड्यावर येतात, भाड्यानेही मिळतात. पाणी मात्र आधी नीट काढा. ओला वायू दाबाखाली थंड केला की त्यात हायड्रेटचा बर्फासारखा घट्ट गोळा बनतो आणि नळी बंद पडते.

माझे स्पष्ट मत आहे की ज्या मशालीत जड घटक भरपूर आहेत, तिथे ही पायरी वगळून थेट रासायनिक प्रकल्पाकडे जाऊ नये. इथे पैसा लवकर परत येतो, उरलेला वायू हलका व एकसारखा होतो आणि पुढच्या उत्प्रेरकांवर काजळी धरण्याचा धोका घटतो.

रूपांतर खरेच लागेल का?

उरलेल्या मिथेनसाठी इतर वाटाही तपासा. तो पुन्हा भूगर्भात दाबता येतो, त्याने तेलाला धक्काही मिळतो. जागेवर वीज करून डिझेल जनरेटर बंद करता येतात. २०० ते २५० बार दाबाने सिलिंडरमध्ये भरून जवळच्या अंतरावर नेता येतो. उणे १६२ अंशांना द्रव केला तर त्याचे आकारमान सुमारे ६०० पटींनी घटते. यातली एखादी वाट जमत असेल तर ती रासायनिक रूपांतरापेक्षा सहसा स्वस्त पडते. अंतर फार, वीज घेणारे कोणी नाही आणि साध्या टँकरमध्ये साध्या तापमानाला ठेवता येणारे इंधन हवे, अशा ठिकाणी रूपांतराला खरा अर्थ येतो.

सफाई: कंटाळवाणी आणि निर्णायक

मिथेन फोडणाऱ्या रिफॉर्मरमधला निकेल, मिथेनॉलचा तांबे-उत्प्रेरक आणि फिशर-ट्रॉप्शचा कोबाल्ट या तिघांनाही गंधक मारते. वायूतले गंधक ०.१ पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ०.१ भागाच्या) खाली आणायचे असते. शेवटच्या गाळणीसाठी झिंक ऑक्साइडचा थर ३५० ते ४०० अंशांना वापरतात. त्यात हायड्रोजन सल्फाइडचे गंधक जस्ताला चिकटते आणि पाणी बाहेर पडते. एक किलो झिंक ऑक्साइड कागदावर सुमारे ४२० ग्रॅम हायड्रोजन सल्फाइड धरतो, प्रत्यक्षात त्याहून कमी.

आता आपल्या मापाला हे लावून पाहा. वायूत १० पीपीएम हायड्रोजन सल्फाइड असेल तर तो रोज सुमारे ४०० ग्रॅम येतो आणि दिवसाला किलोभर झिंक ऑक्साइड खर्ची पडतो. वर्षाचा साठा एका लहान भांड्यात मावतो. १,००० पीपीएम असेल तर हाच खर्च दिवसाला १०० किलोच्या वर जातो आणि तो परवडणारा नाही. अशा वेळी आधी अमाइनच्या द्रावणाने धुणे किंवा लोहावर आधारित शोषक लागतो आणि झिंक ऑक्साइडकडे फक्त शेवटचा हात फिरवायचे काम उरते. मर्कॅप्टनसारखी सेंद्रिय गंधकसंयुगे असतील तर झिंक ऑक्साइडच्या आधी कोबाल्ट-मॉलिब्डेनमचा थर आणि थोडा हायड्रोजन हवा. त्याशिवाय ती झिंक ऑक्साइडमधून निसटतात. पाऱ्यासाठी गंधक मुरवलेला सक्रिय कोळसा. आणि दोन भांडी एकामागे एक ठेवा: पहिले संपले की दुसरे राखण करते, पहिले बदलता येते.

सिनगॅस: प्रकल्पाचा निम्मा खर्च इथेच

मिथेनचा रेणू फार स्थिर असतो. त्यातला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे ४३९ किलोज्यूल लागतात. त्यापासून बनलेला मिथेनॉल मात्र सहज जळतो, म्हणून मिथेनमधून थेट मिथेनॉल काढायला गेले की बरेचसे उत्पादन पुढे कार्बन डायऑक्साइडच होऊन बसते. ‘एका टप्प्यात द्रव’ असे कोणी सांगितले तर एका फेरीत किती टक्के मिथेन बदलतो आणि त्यातले किती मिथेनॉल होते, हे दोन्ही आकडे एकत्र मागा. एकटा आकडा दिशाभूल करतो.

रुळलेली वाट दोन टप्प्यांची: आधी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण म्हणजे सिनगॅस, मग त्यातून द्रव. सिनगॅस करायला तीन मुख्य मार्ग आहेत.

वाफेचे रिफॉर्मिंग सर्वांत परिचित. निकेल भरलेल्या नळ्या भट्टीत ८०० ते ९०० अंशांना तापवायच्या आणि आतून मिथेन व वाफ सोडायची. मिथेनचा एक रेणू आणि पाण्याचा एक रेणू मिळून कार्बन मोनॉक्साइडचा एक आणि हायड्रोजनचे तीन रेणू मिळतात. क्रिया मोलमागे २०६ किलोज्यूल उष्णता खाते, म्हणून भट्टी. कार्बनच्या एका अणूमागे वाफेचे अडीच ते तीन रेणू ठेवतात, एरवी उत्प्रेरकावर काजळी बसते. आपल्या मापाला याचा अर्थ दिवसाला सुमारे ५५ ते ६५ टन वाफ. त्यातला बराच भाग थंड करून परत मिळतो, पण खनिजे काढलेल्या पाण्याची सोय हवीच. वाळवंटातल्या विहिरीवर हाच मुद्दा प्रकल्प अडवू शकतो.

दुसरा मार्ग ऑक्सिजनच्या मदतीने थोडा मिथेन जाळून त्याच उष्णतेवर बाकीचा बदलण्याचा, म्हणजे ऑटोथर्मल रिफॉर्मिंग. भट्टी लागत नाही, यंत्र आटोपशीर होते आणि हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण दोनास एकच्या जवळ येते. पण शुद्ध ऑक्सिजनचा कारखाना लहान प्रमाणात महाग आणि जोखमीचा. मलेशियात बिंटुलू इथल्या प्रकल्पात १९९७ च्या डिसेंबरात हवा विलग करणाऱ्या विभागातच स्फोट झाला. जंगलातल्या वणव्यांच्या धुरातले ज्वलनशील कण द्रव ऑक्सिजनच्या भागात साठत गेले होते. मशालीच्या शेजारी हवा शोषणारा प्रकल्प उभारणाऱ्याने ही घटना डोळ्यांपुढे ठेवावी. हवेचा पंखा कुठे आहे आणि वारा कुठून येतो, हा आराखड्यातला पहिल्या दर्जाचा प्रश्न आहे.

तिसरा मार्ग ऑक्सिजनऐवजी हवाच वापरण्याचा. यंत्रणा स्वस्त होते, पण नायट्रोजन सोबत येतो, सगळी भांडी मोठी लागतात आणि न बदललेला वायू परत फिरवता येत नाही. लहान मशालींसाठी ही तडजोड कधी कधी रास्त ठरते.

रिफॉर्मरनंतर गरम सिनगॅस झटकन थंड करा. ४५० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात कार्बन मोनॉक्साइड धातूत कार्बन सोडतो आणि पोलादाची अक्षरशः भुकटी होते. इथले मिश्रधातू निवडताना काटकसर करू नका.

मिथेनॉल की फिशर-ट्रॉप्श?

हा निर्णय रसायनशास्त्रापेक्षा गिऱ्हाइकावर सोपवा.

मिथेनॉल तांबे-झिंक ऑक्साइड-अॅल्युमिना उत्प्रेरकावर २२० ते २७० अंशांना आणि ५० ते १०० बार दाबाला बनते. एका फेरीत थोडेच बदलते, म्हणून उरलेला वायू फिरवत राहावा लागतो. आपल्या मापातून दिवसाला साधारण २५ ते ३० टन मिथेनॉलची अपेक्षा ठेवता येते. उत्पादन एकच, म्हणून यंत्रणा साधी. वायूत कार्बन डायऑक्साइड असेल तर इथे तो उपयोगी पडतो: वाफेच्या रिफॉर्मिंगमधून हायड्रोजन जरा जास्तच निघतो आणि तीन रेणू मिथेन, एक रेणू कार्बन डायऑक्साइड व दोन रेणू पाणी यांतून चार रेणू मिथेनॉल बसतात. एरवी नकोसा असलेला घटक इथे कच्चा माल होतो.

तेलक्षेत्रांवर हायड्रेट रोखण्यासाठी मिथेनॉल विकतच आणले जाते. त्यामुळे पहिले गिऱ्हाईक कुंपणाच्या आत असू शकते, हे मला या मार्गाचे मोठे बळ वाटते. उणी बाजूही पाहा. एका लिटरमध्ये पेट्रोलच्या निम्मीच ऊर्जा, अॅल्युमिनियम आणि काही रबरांना ते खाते, उजेडात ज्योत दिसत नाही आणि पोटात गेलेले थोडे मिलिलिटरही दृष्टी घालवू शकतात.

मिथेनॉलचे पुढे पेट्रोलही करता येते. न्यूझीलंडमध्ये मोटुनुई इथे १९८५ पासून झेडएसएम-५ या झिओलाइटवर (सूक्ष्म छिद्रांच्या उत्प्रेरकावर) ते मोठ्या प्रमाणात केले गेले. तेलाचे भाव उतरल्यावर पेट्रोलचा भाग बंद झाला आणि मिथेनॉलच विकले जाऊ लागले. एक टन मिथेनॉलमधून साधारण ४४० किलो हायड्रोकार्बन आणि ५६० किलो पाणी निघते. त्यात ड्युरीन नावाचा घटक असतो. तो ७९ अंशांना वितळतो, म्हणजे थंडीत कार्ब्युरेटरमध्ये घट्ट होऊन बसतो. त्याचे प्रमाण कमी करण्याची जास्तीची पायरी ठेवावीच लागते.

फिशर-ट्रॉप्शमध्ये कोबाल्टवर २०० ते २४० अंशांना, २० ते ३० बारला कार्बनची साखळी लांबत जाते. नॅप्था (पेट्रोलसारखे हलके द्रव), डिझेल आणि मेण असे मिश्रण मिळते. मेण हायड्रोजन देऊन तोडले की डिझेल वाढते. हे डिझेल सुरेख असते: गंधक जवळजवळ शून्य, सिटेन अंक, म्हणजे इंजिनात ते किती सहज पेटते याचे माप, ७० च्या पुढे. घनता मात्र नेहमीच्या डिझेलपेक्षा कमी आणि वंगणगुण तोकडा, त्यामुळे त्यात वंगण-पूरक घालावे लागते किंवा ते मिसळूनच विकावे लागते.

आपल्या मापातून चांगल्या प्रकल्पात दिवसाला १०० बॅरलच्या आसपास द्रव निघते, लहान प्रकल्पात त्याहून कमी. कतारमधल्या ओरिक्स प्रकल्पाची रचना ३३ कोटी घनफुटांतून ३४,००० बॅरलची आहे, म्हणजे प्रमाण तेच. वायूतल्या ऊर्जेपैकी जेमतेम ६० टक्के द्रवात उतरते. उरलेली उष्णता होते आणि तीच या क्रियेची खरी अडचण. १०० बॅरलच्या रिअॅक्टरमध्येही सुमारे १.७ मेगावॉट उष्णता अखंड बाहेर काढावी लागते. उत्प्रेरकात एखादी जागा तापली की तिथे द्रवाऐवजी मिथेनच परत बनू लागतो, उष्णता आणखी वाढते आणि तो भाग जळून निकामी होतो. म्हणून नळ्या उकळत्या पाण्यात बुडवतात, उत्प्रेरक मेणातच तरंगत ठेवतात किंवा केसासारख्या बारीक वाहिन्यांचा रिअॅक्टर वापरतात. तयार होणाऱ्या वाफेवर कॉम्प्रेसर चालवा, म्हणजे ती वाया जात नाही. हायड्रोकार्बनच्या प्रत्येक किलोमागे सव्वा किलोहून जास्त पाणीही निघते. त्यात अल्कोहोल आणि आम्ले असतात, ते तसेच जमिनीत सोडायचे नाही.

दोन्हींत निवडायचेच तर, दिवसाला काही दशलक्ष घनफुटांच्या आतल्या मशालीसाठी मी मिथेनॉलकडे झुकेन. तिथे यंत्रे कमी आणि बिघडण्याच्या जागा कमी. डिझेल दूरवरून आणावे लागते आणि शेजारीच खपते, अशा जागी तोल फिशर-ट्रॉप्शकडे जातो.

आकार ठरवताना

विहिरीचा वायू वर्षागणिक घटतो, आणि प्रकल्पाचे कर्ज मात्र पंधरा वर्षांचे असते. म्हणून सगळे सांगाड्यावर बसवलेले, ट्रकने हलवता येणारे आणि दोन-तीन समांतर ओळींत विभागलेले घ्या. वायू कमी झाला की एक ओळ उचलून दुसऱ्या क्षेत्रावर नेता येते. विक्रेत्याला विचारा, यंत्र पूर्ण क्षमतेच्या किती टक्क्यांपर्यंत खाली चालते? कॉम्प्रेसर आणि रिफॉर्मर दोघांचे उत्तर वेगवेगळे घ्या, त्यातले जास्त ते तुमचे. पायाच्या प्रवाहावर प्रकल्प बेता आणि वरचा वायू मशालीला जाऊ द्या. शेवटचे १० टक्के पकडण्याच्या हट्टात खर्च अवाच्या सवा वाढतो.

सुरू करणे, बंद करणे

अपघात आणि उत्प्रेरकाची हानी बहुतेक याच वेळी होते. नायट्रोजनने सगळी हवा बाहेर काढा, गळती तपासा, नायट्रोजनवरच तापवा. मग वाफ, आणि वाफ स्थिर झाल्यावरच वायू. क्रम उलटा झाला तर काही मिनिटांत निकेलवर काजळी चढते. मिथेनॉलचा तांबे-उत्प्रेरक पहिल्यांदा जागवताना नायट्रोजनमध्ये अगदी थोडा हायड्रोजन मिसळून हळूहळू तापवायचा. घाई केली की तांब्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि ती क्षमता पुन्हा मिळत नाही.

बंद करताना एक गोष्ट कधीही विसरू नका: निकेलचा थर २०० अंशांच्या खाली जाण्याआधी त्यातला कार्बन मोनॉक्साइड नायट्रोजनने पूर्ण काढा. त्याखाली दोघांतून निकेल कार्बोनिल बनते आणि ते अत्यंत विषारी आहे. भांडे उघडणाऱ्या माणसाचा जीव या एका ओळीवर अवलंबून असतो. वापरलेला कोबाल्ट किंवा तांबे-उत्प्रेरक हवेत आला की आपोआप पेटू शकतो, तोही नायट्रोजनखालीच उतरवा. फिशर-ट्रॉप्शच्या मेणवाहिन्यांना बाहेरून उष्णता द्या, एरवी वीज गेली की सगळी नळी घट्ट होते.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. हायड्रोजन सल्फाइडला आहे, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते, आणि १०० पीपीएमला तो जिवावर बेतणारा मानला जातो. प्रत्येकाच्या छातीवर दोन्हींचा शोधक हवा.

जुनी मशाल काढून टाकू नका. कॉम्प्रेसर अचानक बंद पडला तर सगळा वायू जायला तीच एक सुरक्षित वाट असते. पायलट ज्योत पेटती ठेवा, तिच्यावर तापमानाचा संवेदक बसवा आणि सुरुवातीला लावलेला प्रवाहमापक तिथेच राहू द्या. प्रकल्प सुरू झाल्यावर किती वायू खरोखर वाचला, हे तोच सांगतो. टाकीत किती लिटर जमले यावरून ते कळत नाही, कारण प्रकल्पाच्या स्वतःच्या भट्टीतून आणि गळतीतूनही कार्बन बाहेर जातो. दर महिन्याला आलेला कार्बन, द्रवात गेलेला कार्बन आणि मशालीत व भट्टीत जळालेला कार्बन यांचा ताळा मांडा. फरक काही टक्क्यांहून जास्त आला तर एकतर मापक चुकतो आहे किंवा कुठेतरी मिथेन गळतो आहे. इन्फ्रारेड कॅमेरा घेऊन कॉम्प्रेसरच्या सीलपासून शोधायला लागा.